देवीचे नारळ आणि नवा शॉकप: धाराशिव ते तुळजापूर, बेंबळीमार्गे

धाराशिवहून तुळजापूरला जायला सरळ, गुळगुळीत हायवे आहे. एसटीत बसलं की डुलकी लागायच्या आत उतरायची वेळ येते. तरीही नाताळच्या सुट्टीत मी बेंबळीवरून, मिळेल त्या कच्च्या रस्त्यानं, इलेक्ट्रिक माउंटन बाइकवर माहेरी गेले. तेही सायकलचा पुढचा शॉकप बदलून. याला कारण माझे वडील, आप्पा.

झालं असं, की उन्हाळ्यात याच सायकलवरून मी पडले. एका खड्ड्यात जुना फोर्क, म्हणजे पुढचा शॉकप, पार तळाला बसला, ठण्‌दिशी आपटला, हँडल सुटलं आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, फळ्यावर लिहिणंही परत सुरू झालं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशे काढण्याइतका हात लवकरच आला. पोळी लाटण्याइतका आला की नाही, ते मात्र मी पाहिलंच नव्हतं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

आता पोळीचं एवढं काय, असं वाटेल. पण मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या, म्हणजे भोप्यांच्या घरची. आमच्याकडे यजमान येतात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरी उतरणारी भक्तांची कुटुंबं. त्यांच्या नैवेद्याची पुरणपोळी आमच्या घरून जाते. लग्नाआधी त्या पोळ्या मी लाटायची, आणि लग्नानंतरही जास्त पानं असली की वहिनी मलाच बोलावून घ्यायची. घरात माझ्या हाताला मान आहे, आणि तो मला आवडतो.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. "पन्नाशी आली तुझी. इकून टाक ती सायकल. हात ऱ्हायला तर सगळं ऱ्हायलं."

मी फोनवर म्हणाले, "आप्पा, सायकलची चूक नाही. पुढचा शॉकप हलका होता. तो बदलते."

"बदल की. मंगळवारी यजमान येणारायत. त्याच सायकलवर ये, तुझ्या त्या दगडाधोंड्याच्या रस्त्यानंच ये, आन् आल्या आल्या पोळ्या लाटायला बस. हात थरथरला तर सायकल इकायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. आमच्या घरात रागाच्या भरात शब्द द्यायची खोड आप्पांकडून माझ्याकडे आली आहे.

ज्यांना फोर्क बदलायचा आहे त्यांच्यासाठी आता थोडं कामाचं. पुण्यात ज्या दुकानात गेले, तिथल्या तरुण विक्रेत्यानं आधी विचारलं, "मॅडम, धाराशिवला कशाला लागतं एवढं?" मी म्हटलं, "आमचे रस्ते बघून या, मग सांगा." मग त्यानं एकदम दुसरं टोक गाठलं आणि सगळ्यात लांब फोर्क समोर ठेवला. तो दिसायला झोकदार होता. पण लांब फोर्क लावला की सायकलचं तोंड वर उचललं जातं, चढावर पुढचं चाक भरकटतं, आणि सांगाड्याच्या गळ्यावर ताण येतो. सायकल बनवणाऱ्यानं किती लांबीपर्यंत चालेल ते दिलेलं असतं, त्याच्या पुढे जायचं नाही. माझा जुना शंभर मिलिमीटर दबायचा, मी एकशे वीसचा घेतला. त्यापेक्षा महत्त्वाचे त्याचे पाय. मोटर आणि बॅटरीमुळे ही सायकल साध्या सायकलीपेक्षा कितीतरी जड असते, ब्रेक मारला की सगळं वजन पुढं येतं, आणि बारीक पायांचा फोर्क तेव्हा चक्क वाकतो. म्हणून जाड पायांचा, ई-बाइकसाठीच बनवलेला निवडला. आणि स्प्रिंगऐवजी हवेचा. स्प्रिंग सगळ्यांना एकच असते, हवा मात्र आपल्या वजनाप्रमाणे भरता येते. सामानासकट सायकलवर बसलं की फोर्क एकूण जेवढा दबतो त्याचा पाचवा हिस्सा तो खाली बसला पाहिजे. पायावर एक रबरी कडी असते, ती खाली सरकवून ठेवायची. प्रवासात फोर्क किती खोल गेला ते तीच सांगते. छोटा पंप सोबत हवाच.

विक्रेता म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधीच सगळं वाचून आलात." मी मान डोलावली. सगळं वाचून आले होते, आणि ते त्याला कळलं याचा आनंदही झाला होता.

मंगळवारी उजाडताना निघाले. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्याच होत्या. "तुळजापूरला चाललीस ना? आईला एवढा नारळ वाहा माझा." आपल्या जिल्ह्यात तुळजापूरला जाणाऱ्याच्या हाती कुणी देवीचा नारळ दिला तर नाही म्हणायची सोय नाही. मी तो हँडलला बांधलेल्या पिशवीत ठेवला.

शहर संपलं की शेतं लागतात. तूर काढायला आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला, ज्वारी कणसावर. हवेत चांगलाच गारवा होता. मी मुद्दाम डांबरी सोडून शेतातल्या गाडीवाटा धरत होते. बैलगाडीच्या चाकोऱ्या, वाळलेल्या चिखलाचे टणक उंचवटे, मधेच खडी. जुन्या फोर्कवर इथं दात वाजायचे. नवा खालच्या खाली सगळं गिळत होता. हातापर्यंत फक्त सायकल चालल्याची बारीक कुरकुर यायची. मी एकटीच मोठ्यानं "वा!" म्हणाले आणि तुरीतली एक बाई दचकून उभी राहिली.

"काय झालं वो?"

"काही नाही, रस्ता चांगलाय!"

तिनं रस्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ह्यो? कुठं निघालाव?"

इथं माझी चूक झाली. मी खरं सांगितलं. तिनं लगेच मुलीला वस्तीवर पिटाळलं आणि नारळ मागवला. पुढं चहाच्या टपरीवर तेच. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, वर दोन नारळ दिले, एक त्याचा आणि एक समोरच्या पंक्चरवाल्याचा. तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर कुठं चाललात ते सांगताना पिशवीकडं एकदा बघा.

बेंबळीला माझ्यासोबत पूर्वी शिकवणाऱ्या सुरेखाताई राहतात. तिथं बॅटरी चार्जिंगला लावली आणि सुशीला खाल्ली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ती भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, शेंगदाण्याचं कूट घातलेली असते, आणि आमच्याकडं सकाळच्या पाहुण्याला हमखास मिळते. बॅटरी भरायला वेळ लागतो, त्यामुळं मधला थांबा ओळखीच्या घरीच ठेवा. सुरेखाताईंच्या सासूबाई सायकलीभोवती एक फेरी मारून आल्या.

"एवढं जाड पाय कशाला हिला?"

"खड्डे सोसायला, आजी."

"माझं गुडघं बदला मग असलं." त्या हसल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या भरलं ताट घेऊन. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर हिरव्या बांगड्या. "म्या दोन वर्सं झाली गेले न्हाय बग आईकडं. गाडीत बसवत न्हाय. तेवढी ओटी पोचीव. तू भोप्याच्या घरची, तुझ्या हातून गेली म्हंजी म्याच गेले."

मी वाकून नमस्कार केला. ओटी पुढच्या पिशवीतच गेली. सुरेखाताई म्हणाल्या, "अगं, नारळ पाठीवर घे की, पुढं जड होईल." पण पाठीवरच्या पिशवीत चार्जर, पंप आणि घामट कपडे होते, आणि मागं बांधावं तर सीटच्या खाली. देवीचं सामान बुडाखाली कसं बांधणार? पुजाऱ्याच्या लेकीकडून ते होणं नाही. सगळं हँडलवर. सुरेखाताईंनीही मग आग्रह केला नाही, त्यांनाही ते पटलं.

तिथंच माझं सगळं शास्त्र मी स्वतःच पाण्यात घातलं. हवा भरली होती माझ्या वजनाला, पाठीवरच्या पिशवीला आणि रिकाम्या हँडलला. आता पुढं नारळांचा ढीग. फोर्क उभ्या जागीच बराच खाली बसलेला, आणि मला रुबाबात ते दिसलंच नाही.

बेंबळीच्या पुढं एका ओढ्यात वाट उतरते. पाणी नव्हतं, नुसते गोटे. उतारावर ब्रेक धरले, पुढचं चाक एका दगडावरून खाली पडलं आणि ठक्! फोर्क तळाला लागला. तोच उन्हाळ्यातला आवाज. कळ मनगटातून कोपरापर्यंत गेली.

मी पडले नाही. पण उतरले आणि बाभळीखाली बसले. हात समोर धरला, बोटं थरथरत होती. मला रडू आलं. हाताचं दुखणं फार नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत हा हात असाच राहिला तर आप्पा काय म्हणतील ते ऐकू येत होतं. सायकल जाईलच, पण त्याहून वाईट म्हणजे यापुढं माझ्या पोळ्याही जातील. वहिनी समजूतदारपणे म्हणेल, "ताई, तुम्ही बसा, मी करते," आणि मी बसेन.

पाणी प्यायले. मग रबरी कडीकडं लक्ष गेलं. ती पार वर टोकाला जाऊन चिकटली होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चूक फोर्कची नव्हतीच. पंप काढला, नारळांसकट सायकलवर बसून, बाभळीला टेकून, उतरून, परत बसून हवा वाढवत गेले, फोर्क हवा तेवढाच बसेपर्यंत. हवा वाढली की फोर्क जोरात उसळून वर येतो, म्हणून फोर्कच्या तळाचं बटण फिरवून उसळी थोडी मंद केली. तिकडून एक म्हातारे गृहस्थ म्हैस घेऊन चालले होते.

"बाई, सायकलीला हवा चाकात भरत्यात!"

"आजोबा, हिला पायातसुद्धा लागते."

"काय बी," ते म्हणाले आणि म्हशीला हाकत निघून गेले.

मग मी एक वेडेपणा केला. ओढा चढून परत मागं गेले आणि तोच उतार, तोच दगड पुन्हा घेतला. चाक पडलं, फोर्क दबला, सावकाश वर आला. ठक् नाही, कळ नाही, पिशवीतले नारळ एकमेकांवर आपटले तेवढंच. तो फोर्क मी निवडला होता आणि आता नीटही मीच लावला होता. ओढ्यात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मी मिरवलेलं त्यांनी पाहिलं असतं.

तुळजापुरात शिरताना सोलापूरकडून आलेल्या गाड्यांची रांग होती. मी गल्लीतून घरी पोचले. आप्पा ओसरीवर बसलेले. त्यांनी आधी माझा हात पाहिला, मग पिशवी.

"एवढं काय आणलंस?"

"लोकांनी दिलंय. देवीचं आहे."

"पुढंच बांधलंस व्हय?" ते एवढंच म्हणाले, पण आवाज मऊ झाला होता.

हातपाय धुऊन स्वयंपाकघरात बसले. वहिनीनं पुरण वाटून ठेवलेलं, कणीक तिंबून तेलात मुरलेली. आप्पा उंबऱ्यात उभे राहिले. पहिली पोळी लाटायला घेतली आणि ती मधेच फाटली. पुरण लाटण्याला लागलं. वहिनी पटकन म्हणाली, "कणीक सैल झालीय माझी."

"कणीक चांगलीय," मी म्हणाले. मी घाबरून जोर देत होते. पोळी फाटणारच, असं हातानं आधीच धरून ठेवलं होतं. ओढ्यात पहिल्यांदा ब्रेक असेच आवळले होते. श्वास सोडला, लाटणं सैल धरलं आणि दुसरी घेतली. ती फिरली. तिसरी फिरली. मग मी मोजलं नाही. वहिनी तव्यावर टाकत गेली, तुपाचा वास ओसरीपर्यंत गेला, आणि यजमानांची सगळी पानं माझ्या हातच्या पोळ्यांनी भरली.

आप्पांनी एक पोळी उचलून उजेडाकडं धरली. आमच्या घरात पोळीची परीक्षा अशीच होते.

"कडंपस्तोर पुरण गेलंय," ते म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी आणखी दोन ओढे उतरले असते.

ओटी आणि नारळ आप्पांनी स्वतः देवळात नेले. आले ते प्रत्येक नारळाची एकेक वाटी प्रसाद म्हणून घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलीपाशी कुंकवाची कोयरी घेऊन आले आणि शॉकपच्या चकचकीत पायांना बोट लावणार, तेवढ्यात मी ओरडले, "आप्पा, तिथं नको! कुंकवाची कणी आत गेली की रबर खराब होतं."

वहिनीनं जीभ चावली. आप्पांना आजवर देवाच्या बाबतीत कुणी अडवलेलं नाही.

"मग कुठं लावू?" त्यांनी विचारलं.

मी वरची जागा दाखवली. तिथं त्यांनी बोट टेकवलं, मग दोन्ही हातांनी हँडल दाबून फोर्क खाली-वर करून पाहिला. निघताना मी हायवेकडं वळायला लागले, तर म्हणाले, "तिकडून कुठं? ज्यांचे नारळ, त्यांच्या दारात प्रसाद पोचाया पायजे. आलीस तशीच जा."

मी तशीच गेले. आजींच्या हातात वाटी ठेवली तेव्हा त्यांनी ती कपाळाला लावली आणि मग माझं मनगट धरून तेही लावलं.

घरी येऊन आता आठवडा झाला. हात दुखला नाही. काकूंनी प्रसादाचं खोबरं कालवणात घातलं आणि वाटीभर कालवण आम्हालाही दिलं. फोर्क पुसला, कुंकू मात्र तसंच ठेवलंय. रबरी कडी टोकापासून बोटभर खाली थांबली आहे, म्हणजे अजून दबायला जागा शिल्लक आहे. सायकल विकायचा विषय घरात कुणी काढत नाही, नवरा तर माझ्या शाळेतल्या सगळ्यांना ओढ्याची गोष्ट स्वतः तिथं असल्यासारखी सांगतो.

काल आप्पांचा फोन आला. "मंगळवारी मोठी पंगत हाय. लाटायला ये."

"येते की. एसटीनं येऊ?"



"एसटीनं कशाला?" आप्पा म्हणाले. "बेंबळीवरून ये. आन् हे बघ, लोक नारळ देत्यालच. पायातली हवा आधीच जास्त भरून निघ."