खवल्यांचे हात

मासे साफ केले की हातांचा वास लवकर जात नाही, आणि मग ती रिक्षा आठवते. धाकट्या बहिणीला तापात आकडी आली तेव्हा आई मासळीच खवलत होती. तशीच ती धाकटीला उचलून रिक्षात बसली आणि आम्ही सिव्हिल हॉस्पिटलकडे निघालो. आमच्या घरात हात धुतल्याशिवाय, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय प्रार्थना होत नसे. आणि आता आई खवलं चिकटलेल्या हातांनी धाकटीला कवटाळून ओरडत होती, "येशू, बघतोयस ना? धर हिला!" देव रागावला, त्याने ऐकलंच नाही तर? मी घाईघाईने तिच्या डोक्यावर पदर ओढला. तिने तो झटकला. "राहू दे गो! तो काय परका आहे?" धाकटी वाचली. मी मात्र घरात कुणी तापलं, की येशूला हाक मारण्याआधी अजून हात धुऊन येते.