पाणथरी नसलेले मास्तर

इंगवले मास्तर गेल्याची बातमी माझ्या बायकोनं, जनीनं आणली. बेलापूरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ती नेहमीसारखी मासळीची टोपली घेऊन गेली होती. दुसऱ्या मजल्यावर कुलूप, आणि शेजारणीनं दारातूनच सांगितलं. घरी येऊन तिनं टोपली उंबऱ्याबाहेरच ठेवली. "मास्तर वारलं," बोलली. "गावाला. जत्रेला गेलं होतं ना, तिथंच." मी जाळं शिवत होतो. विचारलं, "कशानं?" ती टोपलीवरचं फडकं झटकत राहिली. परत विचारलं. "तापानं," बोलली आणि माझ्याकडं न बघता आत गेली. हातातली सुई तशीच धरून मी बसलो... दुसऱ्या कुणाला ताप आला तर ताप आला. मास्तरांना ताप आला म्हणजे घराला आग लागली, असं समजून आम्ही काही वर्षं काढली होती. मग ही आग विझवायला कोणीच कसं धावलं नाही, हे मला कळेना. राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. आज महिना उलटून गेला, तरी तो पुरता उतरलेला नाही.

मी बेलापूरशेजारच्या दिवाळे गावचा कोळी. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून. मास्तर साताऱ्याकडचे, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांच्यावर कोणा शिकलेल्या माणसानं लिहावं असं वाचणाऱ्याला वाटेल. पण त्यांच्याबरोबर चिखलात मी होतो, दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा मीच लिहिणार.

ओळख मासळीमुळं झाली, आणि दोस्ती भांडणामुळं. हायवेवर ट्रकनं त्यांची स्कूटर उडवली. डाव्या बरगडीखाली पाणथरी असते, पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात, ती फुटली. पोटात रक्त साचलं. डॉक्टरांनी ती काढून टाकली. घरी आल्यावर जनी रावसाचं कालवण घेऊन निघाली, तिच्याबरोबर मीही गेलो. मास्तर गॅलरीत बसले होते, तोंड उतरलेलं. मी सरळ बोललो, "देवानं दिलेली वस्तू काढायची कशाला? शिवायची." मास्तर हसायला गेले तर टाके दुखले. "नाखवा, ती काय जाळं आहे होय शिवायला? फुटलेली पपई बघितलीय ना? तशी झालती." "मग आता तिच्या जागी काय?" "काही नाही. रिकामी जागा." मला ते पटलं नाही. अंगात रिकामी जागा ठेवून माणूस कसा चालेल? तिथून वाद सुरू झाला, तो शेवटपर्यंत संपला नाही. रविवारी मी गेलो की वहिनी चहा ठेवायच्या आणि बोलायच्या, "आले तुमचे विद्यार्थी. आज मारामारी नको."

मास्तरांचं बोलणं असं... अंगात एक राखण असते, पण ती एका जागी बसलेली नसते. कातडी हा बाहेरचा बांध. बांध फुटला की आतली माणसं धावतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जखमेत पू होतो तो त्यांच्या मढ्यांचा. मी बोललो, "शिंगाळा माशाचा काटा पायात गेला की आमच्या जांघेत अवधाण येतं, ते काय मग?" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "तीच ती चौकी, नाखवा. जांघेत, काखेत, गळ्याखाली, जागोजागी अशा गाठी आहेत. पायातून घुसलेला चोर तिथं अडवतात. गाठ सुजली म्हणजे आत झटापट चाललीय." हे मला पटलं, कारण ते माझ्या अंगावरचं होतं. आमच्या जनीला कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात. कोळीण असून कोळंबी चालत नाही म्हणून माझी आई तिला जन्मभर टोचत आली. मास्तर बोलले, "त्यांची राखण जरा जास्तच कडक आहे. पाहुण्यालासुद्धा काठी मारते." जनी दारातून बोलली, "सासूपरीस बरी हाय."

या पेशी जन्मतात हाडांच्या आत, मगजात. त्यातल्या काही छातीच्या हाडामागं एका ग्रंथीत शिकायला जातात. तिथं एकच धडा, आपलं कोण आणि परकं कोण. जी आपल्याच अंगावर उठते तिला तिथंच मारून टाकतात. मी बोललो, "शाळेत मारतात ते ठाऊक हाय मला. म्हणून तर चौथीत सोडली." आणि एकदा गोवर झाला की परत का होत नाही, तर त्यातल्या काही पेशी तो चेहरा आयुष्यभर लक्षात ठेवतात. त्याच्या अंगावर चिकटून बसणारं एक द्रव्य बनवून ठेवतात, मग तो कुठंही लपला तरी ओळखू येतो. लस म्हणजे खरा चोर येण्याआधी त्याचा फोटो दाखवून ठेवणं.

"आणि तुमची पाणथरी?" मी मुद्दाम विचारायचो. मास्तर तेव्हा डाव्या बरगडीवर हात ठेवायचे. बोलायचे, "ती रक्ताची गाळणी. काही जंतू अंगावर बुळबुळीत पांघरूण घेऊन येतात. तुमच्या चिखलातल्या निवटी माशासारखे, हातात धरावं तर सुटतात. त्यांना धरायचं काम मुख्यतः तिचं. माझ्याकडं धरणारं कोण नाही. एकदा आत शिरले की दिवसभरात खेळ संपवतील." म्हणून डॉक्टरांनी लस टोचली होती आणि सक्त ताकीद दिली होती. थंडी वाजली की गोळी तोंडात टाकायची आणि त्याच पावली इस्पितळ गाठायचं, सुईतून औषध गेलं पाहिजे. दोनदा असं झालंही. एकदा साधा फ्लू निघाला, एकदा मलेरिया. पण दोन्ही वेळा मास्तर अंगावरच्या कपड्यांवर, भरल्या ताटावरून उठून गेले. मी चिडवायचो, "मास्तर, शिंक आली तरी रिक्षा करता." ते चिडायचे नाहीत. तिथं त्यांचा मान आड येत नव्हता.

मग तो रविवार. थंडीचे दिवस, खाडीत रोहित पक्षी उतरले होते आणि मास्तरांना ते जवळून बघायचे होते. माझ्या लहान होडीतून आम्ही दोघंच गेलो. उधाणाची ओहोटी लागली होती, म्हणून मी वेळेतच होडी फिरवली. वाटेत इंजिनाच्या पंख्यात प्लास्टिक आणि कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा तुकडा गुंतला. हल्ली खाडीत हेच जास्त मिळतं. मी कोयत्यानं कापत होतो तोवर पाणी खालून निघून गेलं आणि होडी चिखलात बसली. आम्हाला त्याचं काही नसतं. भाकरी खायची, पडायचं, भरती आली की उठायचं. मास्तरही मजेत होते, निवट्या उड्या मारताना बघत होते. बघता बघता त्यांनी कोपर अंगाशी घेतले. बोलले, "वारं सुटलंय का हो?" वारं नव्हतं. खाडीवर पानसुद्धा हललं नसतं... मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मग त्यांनी खिशातून गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. हात इतका कापत होता की अर्धं पाणी छातीवर सांडलं.

मी बोललो, "खांद्यावर घेतो तुमाला. किनारा दिसतोय." ते बोलले, "कमरेएवढा चिखल आहे. दोघंही रुतू." मी बोललो, "खाडीनं मना आजवर गिळलं नाय." ते ओरडले नाहीत, पण वर्गात बोलत असतील तसं बोलले, "चिखलात कालवांच्या शिंपा आहेत. पाय कापला तर बांधाला अजून एक भोक. बसा खाली." मी बसलो. माझ्या स्वतःच्या होडीत मला बसा म्हणणारा तो पहिला माणूस. ताडपत्री त्यांच्या अंगावर टाकली, वर जाळं टाकलं, पाय चोळायला घेतले. पाय थंडगार आणि कपाळ तव्यासारखं.

मग मास्तर बोलले, "नाखवा, मला बोलतं ठेवा. प्रश्न विचारा. उत्तर चुकायला लागलं तर समजा, रक्तात पसरलंय." मी बोललो, "मी काय विचारनार? मी चौथी." "जे भांडलात तेच विचारा." मग मी सुरू केलं. बाहेरचा बांध कुठला? "कातडी." अवधाण कशानं येतं? "गाठीत... झटापट." पू कसला? "मढ्यांचा." दातावर दात आपटत होते, तरी उत्तर बरोबर येत होतं. मधेच बोलले, "ही थंडी शत्रूची नाही. माझंच अंग भट्टी पेटवतंय, जंतूला उकडायला." मी बोललो, "मग पेटवू दे." पेशी जन्मतात कुठं? "हाडात. मगजात." गोवर परत का येत नाय? "चेहरा... लक्षात राहतो." एक संपलं की तेच परत पहिल्यापासून. उन्हानं चिखल चकाकत होता, पक्षी आरामात चरत होते आणि पाण्याची रेघ लांबच्या लांब. तिच्यावर मी इतका कधी संतापलो नव्हतो. भरती कुणाचं ऐकत नाही हे लहानपणापासून ठाऊक असलेला माणूस मी, पण त्या दिवशी तिला शिव्या घातल्या.

पाणी होडीच्या बुडाशी वाजायला लागलं तेव्हा मी विचारलं, "आपलं कोण, परकं कोण, हे पेशींना कुठं शिकवतात?" मास्तर बोलले, "गोठ्यात." मला वाटलं मीच चुकून ऐकलं. परत विचारलं. "गोठ्यात. आई, तिला सांग, वासरू सोडलंय..." आणि डोळे उघडे, पण माझ्याकडं नाहीत. अजून होडी हलत नव्हती. मी चिखलात उतरलो, पाठ लावली, बांबू खाली घातला आणि रेटली. कापलं काय, रुतलं काय, मला आठवत नाही. होडी सुटली, इंजिन धरलं. बंदरावर बर्फाचा टेंपो उभा होता, त्यात मासळीच्या पेट्यांमध्ये त्यांना घातलं. इस्पितळातल्या डॉक्टरनं आमचा वास घेऊन नाक मुरडलं. मी बोललो, "नाक मागून धरा. ह्यांना पाणथरी नाय, सुई आधी लावा." त्यानं वर बघितलं आणि खरंच सुई आधी लावली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर वहिनी बाहेर बाकावर, डोळे सुजलेले. आत मास्तर उताणे, हाताला नळी. मला बघून ओठ हलले, मी वाकलो. "छातीच्या हाडामागं," ते बोलले. मी बोललो, "आता पास." वहिनींना वाटलं दोघंही भ्रमात आहेत.

अशा माणसाला जत्रेत ताप आला आणि तो थांबला. वहिनी गावाहून परतल्यावर जनीला घेऊन मी गेलो, ते हे विचारायलाच. घर तसंच होतं, गॅलरीतली खुर्ची तेवढी कुणीतरी भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. वहिनींनी आपणहून सांगितलं. देवाच्या पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान इंगवल्यांचा. थोरले भाऊ आदल्या वर्षी गेले, म्हणून यंदा तो पहिल्यांदाच मास्तरांकडं आला. सकाळी पालखी उठायच्या वेळेला त्यांना हुडहुडी भरली. जीप दारात होती. साताऱ्याचं इस्पितळ काही लांब नाही. वहिनी बोलल्या, "मी सगळ्यांसमोर हात धरला. म्हणाले, गोळी घेतलीय, पालखी देवळात पोचू दे, लगेच निघू. दुपारी पोचली. जीपमध्ये बसले तेव्हा मला ओळखत नव्हते."

जनीनं पदर तोंडाला लावला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला जे खरं वाटत होतं तेच मी बोललो. "वहिनी, भर गावात खांदा सोडून मास्तर जीपमध्ये बसले असते, तर गावानं त्यांना पुरुष म्हटलं नसतं. मान असतो माणसाला. मी पण थांबलो असतो." वहिनींचा आवाज चढला नाही. "आता म्हणतंय का गाव?" बोलल्या. "जे गेले त्यांना काय म्हणतात, तुम्हीच सांगा."

मी आजवर कुणाला उत्तर द्यायचं बाकी ठेवलेलं नाही. पंचायतीत नाही, बंदरावर नाही, मास्तरांपुढं तर नाहीच. त्या दिवशी मी नुसतं पाणी मागितलं. वहिनी पाणी आणायला उठल्या, त्यांच्या मागं आम्हीही स्वयंपाकघरात गेलो. फ्रिज उघडला तसं दाराच्या कप्प्यात, अंडी ठेवतात तिथं, सुईतून द्यायच्या त्या औषधाच्या दोन बाटल्या दिसल्या, शेजारी कागदात गुंडाळलेली सुई. घरात कायम तयार ठेवलेल्या. वहिनींनी माझी नजर बघितली. "दर महिन्याला तारीख वाचायचे," बोलल्या. "अजून पुष्कळ मुदत आहे. टाकवत नाहीत." मी पाणी घेतलं. फ्रिजचं दार त्यांनी लगेच लावलं नाही. थंड हवा पायावर येत होती आणि आम्ही तिघंही त्या दोन बाटल्यांकडं बघत उभे होतो.