पाटीला हात

काळूरामची बाहुली मिठाची पाटी उचलायची आणि आम्हाला हसू यायचं. पाटीत कापूस भरलाय असं वाटे.

सन १९२९. मी बी.ए. होऊन उरणला परतलो होतो. मुंबईच्या एका कंपनीच्या मूकपटांसाठी पडद्यावरचा मजकूर लिहीत होतो. काळूराम माझा लहानपणचा मित्र, मिठागरातला. दोन वर्षांपूर्वी ओझ्यासकट बांधावरून घसरला आणि कंबर गेली. बसल्या जागी पांगाऱ्याच्या लाकडाच्या वीतभर बाहुल्या करू लागला. सांध्यांत तार असायची. त्या मी कंपनीच्या मालकांना दाखवल्या. त्यांनी कॅमेरा धाडला. बाहुली जराशी हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. तिचं ओझं खरं वाटलं, तर काळूरामला कंपनीत काम. नाहीतर हंगामाला पुन्हा मिठागर, त्याच कमरेनं.

"जास्त वाकव," मी म्हणालो. "नाटकात वाकतात तसं."

"बीए, तू कधी पाटी उचललीस?"

"नाही."

"मंग गप बस."

त्याने बायकोला हाक मारली. "सगुणा, भरल्याली पाटी उचल. सावकाश."

"कंबर तुमची गेली आनि पाटी मी उचलू व्हय?" म्हणत ती वाकली.

मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, तो पायांकडे. पाटी लगेच हललीच नाही. आधी बोटं आवळली. टाचा दबल्या. मग पाटी मांडीवर आली आणि थांबली.

त्याने तसंच केलं. चौदा चित्रं पाटी जागची हलली नाही.

"फिल्म फुकट चाललीय," मी म्हणालो.

"ओझं हितंच हाय," तो म्हणाला.

फिल्म मुंबईला धुतली. ती आणि हाताने फिरवायचं प्रोजेक्टर घेऊन मालक स्वतः आले. भर दुपारी दारं लावून आम्ही भिंतीवर धोतर ताणलं.

मिठागरात भरली पाटी एकट्याने डोक्यावर जात नाही. जवळ असेल तो हात लावतो. सांगावं लागत नाही.

बाहुलीने पाटी मांडीवर घेतली. गुडघा थरथरला. मागे उभी असलेली सगुणा दोन पावलं पुढे आली. तिचे दोन्ही हात धोतराकडे गेले. मग "आगं बाय" म्हणून तिने तोंडाला पदर लावला.

मालक धोतराकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होते.

"काळूराम, कंपनीत कधी येतोस?"

"हिलाबी न्यावं लागंल. पाटी उचलून दावायला."

"मीठ हितलंच न्यायचं," सगुणा पदराआडून म्हणाली. "मुंबईचं हलकं असंल."