सोबत रक्षक हवा

डोंगराच्या पायथ्याशी लोखंडी फाटक आहे आणि फाटकाला खेटून पत्र्याची खोली. खोलीत एक खुर्ची, खिळ्याला अडकवलेला हवा भरायचा पंप, आणि खिडकीत बसलेली फाटकबाई. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवायचं. एरवी डोंगरावर येणारे तिला फाटकबाई म्हणत आणि घरी दीरही चेष्टेने तेच म्हणे.

डोंगर सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. आणि एखादी गोष्ट सगळ्यांची म्हटली की जो तो ती आपल्या एकट्याची समजतो. वरच्या पठारापर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर पूर्वी चालणारे असत, नाहीतर दमछाक करत जाणारे सायकलवाले. बॅटरीच्या सायकली निघाल्या तशी खात्याने फाटकाशी पाटी लावली. पॅडल मारलं तरच मोटर साथ देते, अशी सायकल पायवाटेवर चालेल. पाय न हलवता नुसती मूठ पिळून पळते, ती मोटरसायकलच समजावी. तिने खालच्या गाडीरस्त्याने जावं.

पाटी वाचायची लोकांना सवय नसते. म्हणून फाटकबाईने स्वतःची पद्धत काढली होती. सायकलचं मागचं चाक एका हाताने वर उचलायचं आणि मालकाला सांगायचं, "पिळा मूठ." चाक आपोआप गरगरलं की विषय संपला.

"अहो, पण पॅडल आहेत की तिला!" एका कोटवाल्याने हुज्जत घातली होती.

"आहेत ना. तुमच्या कोटाच्या वरच्या खिशासारखी. शोभेला."

अशी ती तोंडाची तिखट. पण संध्याकाळी घरी गेली की तिचं तोंड ऐकायला कोणी नसे. नवरा बातम्यांपुढे बसलेला. मुलगा कानात काहीतरी खुपसून "हं, हं" करणारा. तिचं ऐकायचे ते एकटे सासरे. ही पायवाट त्यांच्या टोळीने फोडली होती, ते त्या टोळीचे मुकादम. आता दोन्ही गुडघे आणि एक खुबा असे काही आखडले होते की पलंगापासून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत जायचं म्हणजे मोहीम. डोंगर त्यांना खिडकीतून दिसायचाही नाही, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत.

ती बूट काढून त्यांच्यापुढे स्टुलावर बसली की ते विचारत, "काय म्हणतोय डोंगर?"

मग ती सांगे. तिसऱ्या वळणाची दरड थोडी सुटली आहे. पाण्याच्या वाटेवर बांधलेली मोरी तुंबली होती, काठीने मोकळी केली. ते डोळे मिटून ऐकत आणि मध्येच विचारत, "डावीकडचा मोठा धोंडा हलला नाही ना?" या अर्ध्या तासात घरातलं दुसरं कोणी नसे. धाकटी जाऊसुद्धा.

धाकटी घरात आली तेव्हा तिला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. पण ती हसे, आणि तिच्या हसण्यावर घर भाळलं. सासरे थोरलीला "सूनबाई" म्हणत आणि धाकटीला "पोरी". धाकटी त्यांना "बाबा" म्हणून हाक मारी. थोरलीच्या तोंडून इतक्या वर्षांत "मामंजी"पलीकडे काही निघालं नव्हतं, आणि आता निघालं असतं तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं.

धाकटी औषधांच्या दुकानात कामाला होती, घरोघर औषधं पोचवायची. दुकानाने तिला बॅटरीची सायकल दिली. लांबलचक, मागे खोकी ठेवायला मजबूत बैठक. सुटीच्या दिवशी तिने त्या बैठकीवर उशी बांधली, पाठीला टेकायला फळी लावली, पाय ठेवायला पट्ट्या बसवल्या, आणि नवऱ्याच्या मदतीने म्हाताऱ्याला उचलून वर बसवलं.

त्याच सकाळी फाटकबाईने फाटकावरच्या खिडकीतून पाहिलं, तर सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, धाकटीच्या कमरेला धरून, लग्नाला निघाल्यासारखे बसलेले.

"ताई, उघडा फाटक! बाबांना त्यांचा डोंगर दाखवून आणते."

त्यांचा डोंगर! फाटकबाईच्या अंगाची लाही झाली. ऊनवाऱ्यात रोज चढायचं तिने, मोरीतला गाळ काढायचा तिने, आणि ही आयत्या बिळावरचा नागोबा एका सुटीत सगळं नेणार. आज यांनी डोंगर डोळ्यांनी पाहिला, की उद्या संध्याकाळी स्टुलावर बसून सांगायचं काय?

ती बाहेर आली. सासरे बसले असल्यामुळे चाक उचलायची सोय नव्हती. "थांब," ती म्हणाली. "पॅडलवरचे पाय काढ आणि मूठ पीळ."

धाकटीने पिळली. सायकल हातभर पुढे सरकली.

"बघ. ही चालत नाही पायवाटेवर."

"चालतेय की चांगली!"

"चालते म्हणजे चढते गं. नियमात चालत नाही."

"ताई, घरच्या माणसाला कसला नियम?"

"घरच्यांना सोडलं तर उद्या लोक माझं कशाला ऐकतील?"

त्याच पाटीवर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ज्यांना चालणं शक्य नाही, त्यांना कोणत्याही बॅटरीच्या वाहनाने पायवाटेवर जाता येईल, फाटकावर विचारावं. फाटकबाईला ती ओळ पाठ होती. पण विचारलं तर सांगायचं. धाकटीने पाटीकडे पाहिलंही नाही, आणि सासऱ्यांचा चष्मा घरी राहिला होता.

"सूनबाईचं बरोबर आहे, पोरी," सासरे म्हणाले. "फाटकावर नातं बघायचं नसतं. चल मागे."

त्यांनी बाजू घेतली, आणि तेच तिला टोचलं. भांडले असते तर बरं झालं असतं. सायकल वळवताना त्यांनी मान मागे करून वर पाहिलं. मान फिरेल तितकं, आणि मग तेवढंही दिसेना.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतोय डोंगर?" तीही सांगायला बसली. पण दरड आणि मोरी यांच्या मध्ये कुठेतरी तिचे शब्द संपले. "ठीक आहे," ती म्हणाली. "जिथल्या तिथे आहे."

रात्री अंथरुणावर तिने मनाला बरंच समजावलं. मन म्हणालं, पुढच्या वेळी फाटकावर मिशीवाला असेल. तिच्या पाळीच्या आड पाळी करणारा तो रक्षक भोळा सांब होता. धाकटी त्याच्याकडे पाहून एकदा हसली, की तो ती बारीक ओळ वाचून दाखवील, वर ढकलायलाही लागेल. मग ती दोघं आपल्या पश्चात वर जाणार. धाकटी तिसऱ्या वळणावर थांबणार, सासरे तिला धोंड्याची गोष्ट सांगणार, आणि आपण इथे पोळ्या लाटत बसणार. त्यापेक्षा आपल्या देखत गेलेले बरे.

सकाळी ती धाकटीला म्हणाली, "चौकशी केली मी. ज्यांना चालता येत नाही, त्यांना सवलत आहे म्हणे."

"अय्या, खरंच? ताई, तुम्ही माझ्यासाठी—"

"तुझ्यासाठी नाही, मामंजींसाठी. आणि सोबत रक्षक हवा. त्याशिवाय सोडत नाहीत."

हे शेवटचं कुठल्याही पाटीवर नव्हतं. ते तिच्या तोंडून असं निघालं, की क्षणभर तिलाही ते खात्याचंच वाटलं.

धाकटीने दुकानात पाळी बदलून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी दोघी त्यांना घेऊन चढल्या. सायकल सावकाश घरघरत होती, फाटकबाई शेजारून चालत होती. बोलायचं तिने ठरवून ठेवलं होतं. पण सासऱ्यांना कोणाचं ऐकायला सवडच नव्हती. "थांबव, पोरी! हा बघ धोंडा. सात जण लागलो होतो, हलला नाही. शेवटी वाटच वळवली." धाकटी "अगंबाई" म्हणाली, आणि त्यांना आणखी चेव चढला. पठारावर त्यांनी वाऱ्यात तोंड उघडं ठेवून लहान मुलासारखं पाहिलं. मग धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. तीच जवळ होती. फाटकबाई चाकाखाली दगड लावायला वाकली होती.

त्या दिवशी संध्याकाळी ती स्टुलावर बसली, तर सासरे प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "आज काय विचारायचं, सूनबाई? आज मीच बघून आलो." आणि ते झोपायला वळले. तिने स्टूल उचलून भिंतीशी सरकवलं. स्वयंपाकघरात धाकटी कांदा चिरत गुणगुणत होती. तिला कांदाही झोंबत नसे.

पुढच्या सुटीच्या आत मिशीवाल्याने घोटाळा केलाच. तो औषधं आणायला दुकानात गेला आणि धाकटीने त्याला सहज विचारलं. "सोबत रक्षक? छे हो! असा काही नियम नाही. खुशाल जा तुम्ही."

ही बातमी त्याने स्वतःच फाटकबाईला सांगितली, वर म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं हो असं?" घरी जेवायला बसल्यावर तिला धास्ती, की आता धाकटी सगळ्यांसमोर हा विषय काढणार. धाकटीने काढला नाही. भाजी वाढली, मीठ पुरे आहे का विचारलं.

सुटीच्या दिवशी सायकल फाटकाशी आली. सासरे मागे, शर्ट इस्त्रीचा. ती दोघं थेट वर जाऊ शकत होती. फाटकबाईने फाटक उघडलं आणि बाजूला उभी राहिली.

धाकटी निघाली नाही. "चला ना ताई," ती म्हणाली. "सोबत रक्षक हवा ना?"

तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. फाटकबाईने नीट शोधला, एखादा टोमणा सापडला असता तर तिला हायसं वाटलं असतं. सापडेना. हसू तेवढं होतं, ते नेहमीचंच. आपल्याला हे कधी जमलं नसतं, हे तिला कळलं, आणि धाकटीच्या हसण्याचा, सायकलचा, "बाबा" म्हणण्याचा इतकी वर्षं जो हेवा केला, तो सगळा एकीकडे राहून आता तिच्या या चांगुलपणाचा हेवा वाटला. हा सगळ्यांत वाईट होता. याला कुठलीच मूठ पिळून पाहता येत नव्हती.

तिने खोलीला कडी घातली, उगवत्या उन्हात डोळे बारीक केले आणि वाटेच्या अगदी मधोमध, सायकलच्या पुढे चालायला लागली. मागे मोटर तिच्या पावलांच्या बेताने कण्हत होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.

"सूनबाई," सासऱ्यांनी मागून हाक मारली, "जरा बाजूला हो की गं. मला तुझ्या पाठीशिवाय काही दिसत नाहीये."

"चढावर चालणाऱ्याचा मान पहिला, मामंजी," ती मागे न बघता म्हणाली. चार पावलं तशीच चालली. मग सरकली, पण एका माणसाला जेमतेम दिसेल एवढीच.