डोळे न उघडलेली पलटण

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्याएवढा बारीक हात पृथ्वीवर दुसरा झाला नाही. हे मी शपथेवर सांगतो. माझी शपथ गोंदियात कोणी मानत नाही, तो भाग वेगळा. गणपती आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ते रंगवत. बैलाच्या पाठीवर माशी काढली, तर बैल शेपूट हलवी. पण सण सरले की हात रिकामे, आणि बहिणीची बोलणी सुरू.

मी तेव्हा स्टेशनावर मालबाबू होतो. आमच्या गोऱ्या साहेबाला एकच वेड होतं, शिशाच्या करंगळीएवढ्या शिपायांचं. बंगल्याच्या फरशीवर तो पलटणी मांडी, आणि काडी उडवणाऱ्या पितळी तोफेने शेजारच्या आमगाव स्टेशनच्या साहेबाच्या पलटणी पाडी. शिपाई विलायतेचे, लाल डगल्यांचे. त्याला हवे होते खाकीतले, फेटेवाले. मी भाऊजींचं नाव सुचवलं.

"काम पसंद आया तो स्टेशन का पेंटर वही," साहेब म्हणाला.

बारमाही नोकरी! बहिणीने लगेच देवापुढे नारळ ठेवला.

भाऊजींनी साहेबाच्या विलायती शिपायांच्या टोप्या कानशीने घासून काढल्या. उघड्या टाळक्यावर कोशाच्या रेशमाचा एकेक धागा डिंकात भिजवून फेटा गुंडाळला. हात गरम सुरीने कापून, बंदूक खांद्यावर येईल असे लाखेने पुन्हा डकवले. टाचणीच्या टोकाची संगीन झाली. आधी सफेदा, त्यावर खाकी, मग चुण्यांत काळसर पाणी सोडायचं आणि उंचवट्यांवर फिकट रंग. शिपाई सावलीत ठेवला तरी उन्हात उभा दिसे. कुंचला खारीच्या शेपटीचा, तोही एका केसाचा. अंगणातल्या खारी त्या मानासाठी आपसांत भांडत.

एकाच्या मिशीवर मला घाम दिसला. मी पुसायला वाकलो.

"हात नको लावू बे! आन कायले एवढा श्वास घेऊन राहिला? तिकडं तोंड कर, पलटन उडन!"

लढाईच्या दिवशी आम्ही दोघे पेटी घेऊन बंगल्यावर गेलो. आमगावचा साहेब आधीच तोफ पुसत बसला होता. झाकण उघडलं. आमचा साहेब खूश होऊन वाकला आणि तसाच राहिला. फेटे, मिशा, गुंड्या, सगळं होतं. डोळे एकालाही नव्हते.

"अंधी पलटन!" आमगावचा साहेब मांड्या थोपटत हसला.

आमचा साहेब माझ्यावर गरजला, "बाबू, ये क्या मजाक है?"

मला नारळ दिसला, नारळामागे बहीण दिसली. मी भाऊजींच्या कानाशी लागलो, "डोळे काऊन नाही काढले?"

"मालक समोर नसताना डोरे कोन उघडते? गनपतीचे तरी उघडतो का मी? सायेबाले म्हन, खाली बस."

गणपतीचा नियम त्यांनी शिपायांना लावला होता, आणि तो साऱ्या जगाला ठाऊक असणार म्हणून बोललेही नव्हते. मी शक्य तितक्या अदबीने म्हणालो, "हुजूर, ज़रा ज़मीन पर तशरीफ रखिए. मालिक सामने बैठे, तभी आँख खुलती है."

काय वाटलं कोण जाणे, साहेब बुटांसकट मांडी घालून बसला.

भाऊजींनी श्वास रोखला. एक ठिपका. दुसरा ठिपका. आणि शिशाच्या त्या तुकड्याने साहेबाकडे पाहिलं. पंखा ओढणाऱ्याचा हात थांबला. मी जन्मभर थापा मारल्या, ही थाप नाही. प्रत्येकाची नजर निराळी उघडत गेली. एक पेंगुळलेला, एक घाबरलेला, एक घराच्या वाटेकडे बघणारा. मला स्वतःची टोपी काढावीशी वाटली.

शेवटचा शिपाई उभा राहिला, तशी आमगावच्या साहेबाने तोफेत काडी भरली. आमच्या साहेबाने तोफेच्या तोंडावर तळहात ठेवला.

"नहीं."

"फिर तुम हार गया!"

"हार गया."

आमगावचा साहेब थोडा वेळ त्या पलटणीकडे बघत राहिला. मग त्याने आपला एक शिपाई उचलून भाऊजींपुढे ठेवला आणि स्वतःही मांडी घातली. खरी लढाई तिथून पेटली. "ये मेरा पेंटर है!" हे आमच्या साहेबाचं वाक्य तर बालाघाटपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

भाऊजी गोंदियालाच नेमले गेले. पहिलं काम, फलाटावरची पाटी. अक्षरं झाली, शेवटचा फराटा राहिला, आणि हे कुंचला धरून शिडीवर बसलेले. साहेबाला बोलावणं गेलं. तो धावत आला, पाटीसमोर उभा राहिला आणि कोणी न सांगताच हॅट काढली.