शेजारच्या सुनेची इंजेक्शनं
नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन मी ढाणकीत राहायला आले, तेव्हा शेजारची सून रोज सकाळी पोटात इंजेक्शन घ्यायला माझ्याकडे यायची. पुसदला तिचे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू होते. दोष नवऱ्यात होता, पण सुया हिलाच टोचायच्या. दोनदा गर्भ राहिला नाही. तिसऱ्या वेळी इंजेक्शनांमुळेच पोटात पाणी झालं, दम लागला आणि आठ दिवस तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

काही महिन्यांनी ती सासूसोबत पुन्हा इंजेक्शनं घेऊन आली. सासू बाहेर चपला काढत होती, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "बाई, मले नाही घ्यायचं आता. तुम्ही तरी सांगा त्यायले."

मी सासूला म्हटलं, "पोरीच्या जिवावर बेतेल."

"दवाखान्यात संमतीच्या कागदावर तिनंच सही केली ना," सासू शांतपणे म्हणाली. "तुम्ही नाही देल्लं तर दुसरीकडं नेऊ."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर बाजूला केला. निदान माझा हात हलका आहे, असं मनाला समजावत मी सुई टोचली.

त्याही वेळी गर्भ राहिला नाही. पुढच्या खेपेला मी साफ नाही म्हटलं. नवऱ्यानं तिला गाडीवर बसवलं आणि दुसऱ्या नर्सकडे नेलं.