माहेरी गेलेला वरवंटा

तुझ्या शाळेने घरातली जुनी, पण अजून रोज वापरात असलेली एक वस्तू निवडून तिच्याबद्दल लिहून आणायला सांगितलं आहे, असं तुझी आई फोनवर म्हणाली. तू माझा पाटा-वरवंटा निवडलास. मागच्या सुट्टीत तू त्या पाट्यावर बसून फोटो काढला होतास आणि मी ओरडले होते, ते तुझ्या लक्षात राहिलं असावं. पाट्यावर बसत नाहीत.

शाळेसाठी एवढं लिही. पाटा काळ्या दगडाचा आहे. माझ्या सासूबाईंच्या सासूने तो जुन्नरच्या बाजारातून बैलगाडीत घालून वारूळवाडीला आणला. इतक्या वर्षांच्या वाटण्याने तो मधोमध खोलगट झाला आहे, आणि वरवंट्याचं पोट बरोबर त्या खोलग्यात बसेल असं झिजलं आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी एक बाई येऊन छिन्नीने त्याला टाकी घालते, म्हणजे तो पुन्हा खरखरीत होतो. लसणाची चटणी, खोबरं, आमटीचं वाटण मी अजूनही त्याच्यावरच करते. मिक्सर आहे, पण तो फक्त पाहुणे फार आले की निघतो.

हे शाळेला पुरेल. पुढचं तुझ्यासाठी आणि तुझ्या धाकट्या भावासाठी आहे, शाळेला देऊ नका. वाचता येणार नाही ते आईकडून वाचून घ्या. तिलाही यातलं निम्मंच माहीत आहे, कारण त्या वेळी ती बाळंतिणीच्या खोलीत होती.

तू व्हायच्या आधी आमच्या घरात आम्ही दोन सुना होतो. मी थोरली. नारायणगावला हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. तुमचे आजोबा नोकरीसाठी आठवडाभर पुण्याला असत. धाकट्या दिरांकडे शेती होती आणि त्यांच्या बायकोकडे, म्हणजे माझ्या धाकट्या जावेकडे, घर. ती अवसरी खुर्दची. तुझी आई तिला काकू म्हणायची. तिला मूल झालं नाही. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. ऐंशीच्या पुढच्या होत्या, तोंडात एकही दात नव्हता, पण त्या तोंडाचं काम अडत नव्हतं.

पाट्यावरचं सगळं वाटण जावेकडे असे. आत्याबाईंना भाकरी दुधात कुस्करून लागायची आणि तिच्याबरोबर पाट्यावरची लसणाची चटणी, अगदी लोण्यासारखी. मिक्सरच्या चटणीला म्हणे गरम वास येतो. एकदा जाऊ हात दुखतो म्हणाली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "तुला काय कमी हाय? ना पोर ना बाळ. हात रिकामेच की."

मग कधीतरी त्यांनी वरवंट्याला तिचा लेक म्हणायला सुरुवात केली. सकाळी ओसरीवरून हाक यायची, "अगं, उठीव तुझ्या लेकाला! आंघोळ घाल, कामाला लाव." शेजारपाजारच्या बायकांनी ते लगेच उचललं. दारातून आत वाकून विचारायच्या, "काय गं, झोपलंय का पोरगं?" पहिल्यांदा जावेनेही हसून उत्तर दिलं होतं, "झोपलंय, लई खाल्लं ना काल." सगळ्या खूप हसल्या होत्या. वर्षभराने ती हसेनाशी झाली. बायका हसतच राहिल्या, कारण गंमत त्यांना पुरत होती.

त्याच सुमाराला आत्याबाईंनी दिरांसाठी दुसरी बायको शोधायला काढली. लपूनछपून नाही. जाऊ समोर वाढत असताना त्या म्हणाल्या, "खोडदला एक बघून ठेवलीय. नवऱ्यानं टाकल्याली हाय, पर एक लेकरू झालंय तिला. म्हंजी कूस चांगली हाय." दिरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि टोमॅटोच्या भावाबद्दल बोलायला लागले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, तुमच्या मनात काय आहे?" ते म्हणाले, "आई म्हनंल तसं, वहिनी." एवढंच त्यांचं मन. तेव्हापासून घरात प्रश्न एकच होता: जाऊ या घरात राहणार, की अवसरीला परत जाणार.

तशात तुझी आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तू झालीस.

आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला आंघोळ घालतात, तेल लावतात, झबलं-टोपडं घालतात, आणि पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बायका तो पाळण्यावरून आणि खालून एकमेकींना देतात-घेतात. मग बाळ. का, ते कुणी मला पटेल असं कधी सांगितलं नाही. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून, असं काही जणी म्हणतात. बाळावरचं अरिष्ट दगडावर जावं म्हणून, असं बाकीच्या म्हणतात.

जावेने तुझ्यासाठी लाल खणाचं झबलं शिवलं होतं आणि उरलेल्या तुकड्यातून वरवंट्यासाठी दुसरं, त्याच्या मापाचं. बारशाच्या सकाळी तिने त्याला कोमट पाण्याने धुतलं, पुसलं, तेल चोळलं, झबलं घातलं आणि कडेवर घेऊन माजघरात आणलं. खोली बायकांनी भरली होती. पाळणा टांगलेला होता.

आत्याबाईंनी तिला दारातच थांबवलं. "कुणी सांगितलं तुला आनायला?"

"रोजचा आपलाच हाय की, आत्याबाई."

"म्हून तर! रोज तुझा हात लागतोय त्याला. वांझेच्या हातचा दगड माझ्या पणतीच्या पाळण्याखालनं न्हाई जायचा." मग शेजारणीला म्हणाल्या, "जा गं, तुझा वरवंटा आन. तुझी चार पोरं हायती."

मी म्हणाले, "आत्याबाई, घरचा एवढा जुना असताना दुसऱ्याचा कशाला?"

"तू शाळंत शिकीव इंग्लिस. हितं मला नको शिकवू."

मी मागे सरकले. पाळण्याशेजारी माझी मुलगी बसली होती आणि तिच्या मांडीवर तू.

शेजारणीचा वरवंटा आला. आत्याबाईंनी जावेच्या हातातल्या वरवंट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झबलं ब्येस झालंय. काढ ते, ह्याला घाल." जावेने काढलं. शेजारणीचा वरवंटा जाड होता. ओढूनताणून घालताना झबल्याची शिवण उसवली. तरी तसंच घातलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मग तुझ्या लेकाचं बारसं कवा गं?" आणि पाळणा गाणाऱ्या बायकांना हसू आवरेना म्हणून पाळणा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला.

आत्याबाई जावेला म्हणाल्या, "तू आत जा. आता मोकळाच हाय तो, वाटण घे वाटायला."

ती आत गेली आणि त्याच वरवंट्याने सगळ्या जेवणाचं वाटण वाटलं. पाळण्याला चालत नव्हता तो हात आमटीला चालला. बायका बोटं चाटत जेवल्या. जिने शेजारणीचा वरवंटा आणला होता, तिने तर दोनदा आमटी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते, तर जाऊ मागच्या दाराने बाहेर पडत होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने कडेवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं, तूच आहेस.

"अगं, काय घेऊन चाललीस?"

"घाबरू नका आक्का, तुमची नात न्हाई ही," ती म्हणाली आणि फडकं बाजूला करून वरवंटा दाखवला. "माझाच लेक म्हनत व्हते ना सगळे? मंग लेक घेऊन चालले माहेरी. तुमचं कायबी नेत न्हाई."

मी तिला थांब म्हणाले. ती थांबली नाही. रस्त्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभी राहिली आणि त्या वेळी दीर मळ्यात पाणी देत होते.

तिच्या जाण्याची बातमी आत्याबाईंनी शांतपणे ऐकली. वरवंटा गेल्याची ऐकली, तेव्हा त्या उठून बसल्या.

शेजारणीचा वरवंटा मागून आणला. तो आमच्या पाट्याच्या खोलग्यात बसेना, टोकांवर घासायचा, आणि चटणीत दगडाची कच यायची. मग नारायणगावच्या बाजारातून नवा आणला. त्याची कच जास्त. मीठ आणि तांदूळ वाटून वाटून तो धुतला तरी ती जाईना. आत्याबाईंच्या बिनदाताच्या हिरड्यांत कण रुतायचे. त्या थुंकायच्या, शिव्या द्यायच्या आणि भाकरी तशीच सारून द्यायच्या. मिक्सरची चटणी मी पुढे ठेवली तर त्यांनी वाटी उंबऱ्याबाहेर फेकली.

शेवटी त्या दिरांना म्हणाल्या, "जा अवसरीला."

मी म्हणाले, "भाऊजी, तिला घेऊनच या. समजूत काढा तिची."

"तिला कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. "वरवंटा आन."

अवसरीला काय झालं ते मला नंतर जावेच्या भावाने मंचरच्या बाजारात सांगितलं. मोटारसायकलचा आवाज ऐकून ती आत पळाली होती. बाहेर आली ती लग्नातलं हिरवं लुगडं नेसून, केस विंचरून. पिशवी तिने भरून दाराशी ठेवली होती. दिरांनी चहा घेतला. पाऊसपाण्याचं बोलले. मग म्हणाले, "वरवंटा कुठाय?" तिला वाटलं, आठवण करून देतायत, विसरू नको म्हणून. तिने तो आणून दिला, स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधलेला. दिरांनी तो कॅरिअरवर ठेवून रबराने आवळला. तिने पिशवी उचलली आणि गाडीजवळ जाऊन उभी राहिली.

"आईनं एवढंच आनायला सांगितलंय," दीर म्हणाले.

भावाने विचारलं, "आन् ही?"

"बघू," असं म्हणून त्यांनी किक मारली.

ती तशीच उभी होती, भाऊ सांगत होता. भावाची बायको बाहेर येऊन "आत चला, लोक बघत्यात" म्हणाली, तेव्हा आत गेली. ते लुगडं तिने पुन्हा नेसलेलं त्याने पाहिलं नाही.

इकडे ओसरीवर आत्याबाईंनी "आली का?" विचारलं नाही. "आनला का?" विचारलं. फडकं सोडून त्यांनी वरवंट्यावरून अंगठा फिरवला, कुठे टवका उडालाय का बघितलं, आणि मला म्हणाल्या, "वाट." मी वाटलं. त्या रात्री त्यांनी दुधात कुस्करून दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि समाधानाने ढेकर दिली. तेव्हापासून पाट्यावर मी आहे. खोडदची बाई काही आली नाही. पहिली जिवंत असताना पोरगी देणार नाही, असं तिच्या बापाने कळवलं. आत्याबाईंनी त्यावर जावेलाच शिव्या दिल्या. जिवंत आहे म्हणून.

पुढे अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांसाठी जावेने मेस सुरू केली. आधी भावाच्या पडवीत, मग स्वतंत्र खोल्यांत. मंचरला भेटली की माझ्याशी नीट बोलायची. तुझी चौकशी करायची, पाय फुटले का, दात आले का. घराचं एक अक्षर विचारत नसे आणि मीही सांगत नसे.

आत्याबाई गेल्या त्या तू तिकडे शाळेत जायला लागल्यावर. शेवटच्या दिवसापर्यंत चटणी लागायची. जावेला निरोप दिला होता. ती दहाव्याला आली. कपाळाला कुंकू होतं, अंगावर नेहमीचं कॉटनचं पातळ. घाटावर सगळ्यांबरोबर उभी राहिली, पिंडाला नमस्कार केला आणि आमच्याबरोबर घरापर्यंत आली. बायकांची कुजबुज सुरू झाली होती की आता राहील, आता कोण आहे बोलणारं.

अंगणात दीर तिच्यासमोर आले. केस काढलेले, उपरणं खांद्यावर. इतक्या वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते.

"ऱ्हा आता हितंच," ते म्हणाले.

"कशाला?"

दिरांनी विचार केला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल.

"वहिनींचं वय झालंय," ते म्हणाले. "त्यांच्यानं समदं व्हत न्हाई. घरात बाईमानूस पायजे."

जावेला हसू आलं. अगदी मोकळं. "मंग ठेवा की एखादी पगारावर," ती म्हणाली. "माझ्या मेसवर बी दोघी हायत्या. चांगलं काम करत्यात, फक्त दर म्हैन्याला वेळेवर पैशे द्यावं लागत्यात, बघा."

मी तिला जेवून जा म्हणाले. संध्याकाळचा स्वयंपाक करायचाय, एसटी चुकेल, असं म्हणून तिने माझा हात दाबला आणि फाटकातून बाहेर पडली. दीर आत आले, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले आणि मला म्हणाले, "वहिनी, चहा टाका."